चौथा चेहरा

दर शुक्रवारी दुपारी ऑफिसच्या मेलवर पाच चेहरे येतात. एका टोकाला रडवेला, दुसऱ्या टोकाला खळखळून हसणारा. वर प्रश्न असतो, 'हा आठवडा कसा गेला?' मी फारसा विचार न करता चौथ्या चेहऱ्यावर क्लिक करतो. पाचवा खोटा वाटतो आणि तिसऱ्यापासून खाली चौकशी सुरू होते.

हे चेहरे ज्या डॅशबोर्डवर जमा होतात, त्याचं थोडं काम मीच केलं आहे. त्यात एक नियम होता: पाचपेक्षा कमी माणसांच्या टीमचे आकडे दाखवायचे नाहीत, कारण मग कोण काय म्हणालं हे सहज ओळखता येतं. एक दिवस निरोप आला की लहान टीम्सचं समाधानही कळायला हवं, पाचाचे तीन करा. हेतू वाईट नव्हता. एका ओळीचा बदल होता. मी केला. तेव्हापासून प्रश्न पडला आहे: माणसाला 'तू खूश आहेस का?' असं विचारणं नेहमी चांगलंच असतं का?

या विचारण्याला जुना इतिहास आहे. शिकागोजवळ वेस्टर्न इलेक्ट्रिकचा हॉथॉर्न कारखाना होता. तिथे १९२७मध्ये टेलिफोनचे रिले जोडणाऱ्या पाच मुलींना वेगळ्या खोलीत बसवून प्रयोग सुरू झाला. विश्रांतीच्या वेळा, कामाचे तास बदलून पाहिले, तसं उत्पादन एकंदरीत वाढत गेलं. एल्टन मेयो यांनी त्याचा अर्थ असा लावला की माणसांकडे लक्ष दिलं, त्यांचा आपुलकीचा गट जमला की काम सुधारतं. आजच्या एचआरची बरीचशी भाषा इथून आली आहे. पण १९२८च्या जानेवारीत त्या पाचांपैकी दोघींना खोलीतून काढून त्यांच्या जागी दुसऱ्या दोघी आणल्या होत्या. त्या फार बोलतात आणि सहकार्य करत नाहीत, अशी तक्रार होती. त्या खोलीतल्या समाधानाबद्दल वाचताना मला या दोघी आठवतात.

'आनंदी कर्मचारी जास्त काम करतो' हे वाक्य आपण इतक्यांदा ऐकतो की त्यातली अट लक्षात येत नाही. उद्या सिद्ध झालं की दुःखी माणूस जास्त काम करतो, तर? यावर कोणी म्हणेल, हेतू काही असो, फायदा तर होतो ना? हे मला मान्य आहे. ऑफिसने दिलेल्या समुपदेशनाचा माझ्या एका सहकाऱ्याला वाईट काळात खरोखर आधार झाला. त्याने हेतू तपासत बसायला हवं होतं, असं मी म्हणणार नाही. पण आनंद हे कामाचं साधन झालं की उदास असणं हा कामातला दोष ठरतो. मग कामाचा बोजा तपासला जात नाही, माणूस तपासला जातो.

म्हणून मला १८८४ सालच्या मुंबईतल्या मागण्या जास्त प्रामाणिक वाटतात. नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांच्या सभा घेऊन मागितलं होतं: रविवारची सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढंच काम, आणि पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत. सूर्यास्तापर्यंतचं काम ही सवलत म्हणून मागावी लागत होती, यावरूनच तेव्हाची स्थिती कळते. १८९०मध्ये रविवार मिळाला. त्या रविवारी कामगार झोपला, भजनाला गेला की घरात भांडला, हे मालकाला कळायची गरज नव्हती. वेळ त्याचा होता, त्यातलं सुखदुःखही त्याचंच.

कंपनी मला आनंद देऊ शकत नाही आणि तिने तो द्यावा अशी माझी अपेक्षाही नाही. ती वेळ देऊ शकते, ठरलेला पगार देऊ शकते, आणि 'हे जमणार नाही' असं न घाबरता सांगता येईल एवढी मोकळीक देऊ शकते. या तिन्ही गोष्टी मोजायला माझा चेहरा लागत नाही. त्या आहेत की नाहीत, हे कामाच्या नोंदी पाहूनही बरंचसं कळतं.

मागच्या आठवड्यात मी तीनाचे पुन्हा पाच करावेत असं लिहून पाठवलं. उत्तर अजून आलेलं नाही. काल शुक्रवार होता. मला खरं तर दुसरा चेहरा निवडायचा होता. पण आमची टीम चार जणांची आहे. मी चौथाच निवडला.