पंचनाम्यात न मावणारी जखम

शिरोली एमआयडीसीतल्या फौंड्रीत वितळलेल्या धातूचा रस उडायला फार काही लागत नाही. साचा ओला राहिला किंवा भट्टीत भिजलेलं भंगार पडलं, तेवढं पुरतं. मग कुणाच्या तरी घरी फोन जातो, "वहिनी, लगेच सीपीआरला या." त्या इस्पितळातल्या बाकावर बायकोच्या हातात एक पिशवी येते: घड्याळ, चपला आणि न उघडलेला डबा. वर्ष उलटतं, पण डब्याचं झाकण लावताना तिचे हात थरथरतात. झोप उडालेली, फोन वाजला की छातीत धडधड. शेजारणी म्हणतात, "तिनं धसका घेतलाय."

गेलेल्याचा हिशेब कायद्यानं बारकाईनं मांडला आहे. 1923 च्या भरपाई कायद्यानं निम्मा पगार गुणिले वयाचा गुणक, असं सूत्र घालून दिलं. 2020 साली पगाराची कमाल मर्यादा 15,000 रुपये ठरली. चाळीस वर्षांच्या कामगाराचा गुणक 184.17, म्हणजे 13,81,275 रुपये. ईएसआयचा विमा असेल तर अवलंबितांना निवृत्तिवेतन. बाहेर हायवेवर झालेल्या अपघातासाठी सर्वोच्च न्यायालयाच्या 2017 च्या प्रणय सेठी निकालात सहवास गमावल्याचे 40,000 रुपये धरले गेले. पण सहवास गमावणं वेगळं आणि त्या आघातानं आजारी पडणं वेगळं. या आजाराला सूत्रात रकानाच नाही.

इंग्लंडमध्ये हा प्रश्न थेट न्यायालयात गेला. 1973 मध्ये मॅकलॉफलिन नावाची आई घरी होती. घरच्यांच्या अपघाताची बातमी तिला नंतर कळली. धाकटी मुलगी गेली होती, नवरा आणि दोन मुलं जखमी होती. इस्पितळात तिनं त्यांना पाहिलं आणि ती मनानं खचली. 1982 मध्ये तिचा दावा मान्य झाला. पुढे हिल्सबरो स्टेडियमच्या दुर्घटनेनंतर, 1991 मध्ये, न्यायालयानं अटी आवळल्या: जवळचं नातं हवं, आणि अपघात किंवा त्यानंतरचं दृश्य स्वतः प्रत्यक्ष अनुभवलेलं हवं. टीव्हीवर पाहणाऱ्यांचे दावे टिकले नाहीत.

अशा दाव्यांचा पूर येईल, ही न्यायालयांची भीती मला खोटी वाटत नाही. कुठंतरी रेघ ओढावीच लागेल. मात्र ती अंतरावर ओढू नये. कधी बाप-लेक एकाच शेडमध्ये असतात, तर कधी शेडमधला व्हिडिओ दहा मिनिटांत घरातल्या मोबाईलवर येतो. रेघ ओढायची तर नात्यावर आणि डॉक्टरांच्या निदानावर ओढावी. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानं विमा कंपन्यांना मनाच्या आजारालाही शरीराच्या आजारासारखाच विमा द्यायला सांगितलं आहे. मग भरपाईच्या कायद्यानं मागं का राहावं? निदान मानसोपचाराचा खर्च तरी ज्याच्या हलगर्जीनं अपघात झाला त्यानं उचलावा.

आपण धक्का 'बसला' म्हणतो, पण धसका 'घेतला' म्हणतो. जणू तिनंच तो हात पुढं करून घेतला. तिनं घेतली होती ती फक्त पिशवी, आणि तीही कुणीतरी हातात दिली म्हणून.