गांडीव कधी सुटतं?

गोंदिया जिल्ह्यात नवेगावबांधच्या जलाशयाकाठच्या पक्षी अभयारण्याला डॉ. सलीम अली यांचं नाव दिलेलं आहे. हा थोर माणूस पक्ष्यांकडे वळला तो एअरगनमुळे. लहानपणी त्यांनी एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला, म्हणून ही कुठली चिमणी असं विचारत पोरगं बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या मिलर्डसाहेबांसमोर जाऊन उभं राहिलं. पुढे अभ्यासासाठी नमुने गोळा करतानाही बंदूक त्यांच्या सोबत राहिली. त्यांचं आत्मचरित्र १९८५ साली निघालं. तेव्हा ते नव्वदीला टेकले होते, आणि पुस्तकाच्या नावात ती पडलेली चिमणी होतीच.

याच भागातलं दुसरं रान म्हणजे नागझिरा. व्यंकटेश माडगूळकरांना शिकारीचा चांगलाच नाद होता. पण नागझिऱ्यात ते जाऊन राहिले ते नुसतं पाहायला, ऐकायला आणि टिपून ठेवायला. त्या मुक्कामातून ‘नागझिरा’ हे पुस्तक झालं. एकाची बंदूक शास्त्राच्या कामाला लागली, दुसऱ्याच्या हाती बंदुकीऐवजी वही आली. मात्र ज्यांनी पुस्तकं लिहिली नाहीत अशा शेकडो शिकाऱ्यांचं काय झालं? त्यांची शिकार सुटली ती कायद्यानं, वयानं की मनानं?

गोंदियाच्या या झाडीपट्टीत हा प्रश्न पुस्तकी नाही. हा मामा (माजी मालगुजारी) तलावांचा आणि बोड्यांचा, म्हणजे लहान तळ्यांचा मुलूख. धान कापून झालं की पाणवठ्यांवर अडई, नकटा आणि उत्तरेकडून येणारी बदकं उतरायची. नागझिरा १९७० साली अभयारण्य झालं, नवेगाव १९७५ साली राष्ट्रीय उद्यान. मधे १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा आला. परवाना काढून काही प्राणी-पक्षी मारण्याची उरलीसुरली मुभाही १९९१च्या दुरुस्तीनं गेली. १९७२ साली पंचविशीत असलेला शिकारी आज पंचाहत्तरी ओलांडून गेला आहे. त्याला कायद्यानं थांबवलं हे खरंच. पण डोळ्यांवर सारा आला, खांद्याला दणका सोसेना, पहाटेच्या दवात दबा धरून बसवेना, म्हणूनही तो थांबला. लोक म्हणतात, म्हातारपणी सुधारला. असं म्हणणं सोपं आहे, आणि त्यात त्या माणसावर थोडा अन्यायही आहे.

जगात इतरत्र अशाच शिकाऱ्याला दुसरी एक वाट सापडली, ती मातीच्या तबकडीची. आधी नेमबाज जिवंत कबुतरं सोडून ती टिपत. १९००च्या पॅरिस ऑलिंपिकमध्येही ती टिपली गेली. त्याआधीच, १८८० साली, अमेरिकेतल्या सिनसिनाटीच्या जॉर्ज लिगोव्स्की यांनी भाजलेल्या मातीच्या तबकडीचं पेटंट घेतलं होतं. इंग्लंडनं १९२१ साली कबुतरं सोडून मारण्याला कायद्यानं बंदी केली. आजची तबकडी नावालाच मातीची. ती चुनखडीची भुकटी आणि डांबरी राळ यांची बनते. व्यास अकरा सेंटिमीटर, वजन शंभर ग्रॅमच्या जरा वर, पाठीवर बहुधा नारिंगी रंग. नेमबाज हाक देतो तशी ती खंदकातल्या यंत्रातून सुटते. ती आहे तिथे नेम धरला तर छरे मागेच राहतात. ती जिथे पोचणार त्या मोकळ्या जागेवर गोळी झाडावी लागते. बार उडाल्यावरही नळी फिरतीच ठेवायची. नेम बसला तर हवेत काळ्या धुरळ्याचा ठिपका उमटतो आणि विरतो. पंचवीस तबकड्यांचा एक फेरा.

या खेळात वय झालेली माणसं खूप. अमेरिका, इंग्लंड, ऑस्ट्रेलियातल्या क्लबांत पिकल्या केसांचीच गर्दी दिसते आणि स्पर्धांत ज्येष्ठांचे वेगळे गट असतात. स्वीडनच्या ऑस्कर स्वान यांनी १९२०च्या अँटवर्प ऑलिंपिकमध्ये रौप्यपदक मिळवलं तेव्हा ते ७२ वर्षांचे होते. त्यांच्यापुढे तबकडी नव्हती, पळत्या हरणाच्या आकाराचं निर्जीव लक्ष्य होतं. आपल्याकडे बिकानेरचे महाराजा करणी सिंह पाच ऑलिंपिक खेळले, पहिलं १९६०चं, शेवटचं १९८०चं, वयाच्या ५६व्या वर्षी. ज्या घराण्याच्या गजनेरच्या पक्षी-शिकारीला व्हाइसरॉय पाहुणे म्हणून येत, त्याच घराण्यातल्या या माणसानं १९६२ साली कैरोच्या जागतिक स्पर्धेत तबकड्या फोडून रौप्यपदक आणलं.

मग हिंसा संपली म्हणायची का? जैन परंपरेनं हा प्रश्न हजार वर्षांपूर्वी फार कठोरपणे विचारून ठेवला आहे. सोमदेवसूरींनी ९५९ साली ‘यशस्तिलक’ पूर्ण केलं. त्यात उज्जैनच्या यशोधर राजाची कथा येते. अपशकुनी स्वप्नावर उतारा म्हणून आई देवीला बळी द्यायला सांगते. जीव घ्यायला राजाचं मन धजत नाही, आणि आईचा शब्दही मोडवत नाही. तडजोड म्हणून कणकेचा कोंबडा करतात आणि राजा त्याच्यावर शस्त्र चालवतो. एवढ्याचं फळ म्हणून मायलेकरांना मोर, कुत्रा अशा कितीतरी योनींतून मरत-मारत फिरावं लागतं. द्रव्यहिंसा, म्हणजे प्रत्यक्ष जीव घेणं, झाली नाही; भावहिंसा, म्हणजे मनातली हिंसा, झाली. आणि कथेच्या हिशेबात तेवढी पुरेशी ठरली.

या न्यायानं तबकडी फोडणारा प्रत्येक म्हातारा दोषी ठरतो का? नाही. यशोधरानं कोंबडा कणकेचा केला, पण देवीला द्यायचा होता तो बळीच. त्याच्या मनात तिथे जिवंत कोंबडा होता. तबकडीकडे पाहताना ज्याला अजून बदक दिसतं, त्याला ही कथा लागू पडते. पण हजारो फेऱ्यांनंतर ज्याला फक्त एक वळण आणि एक वेग दिसतो, त्याच्या मनात मारायला काही उरलेलं नसतं. हा पालट कायदा घडवत नाही. तो वर्षांनी घडतो, आणि म्हणून इथे वयाला मान द्यावासा वाटतो.

उलट बाजूही सांगायला हवी. मनात हिंसा नसली तरी शिशाचे छरे जमिनीवर पडतात. पाणथळीजवळ पडले तर बदकं ते खड्यांसोबत गिळतात आणि विषबाधेनं मरतात. भाव शुद्ध, आणि जीव तरीही जातो. मन निर्मळ असलं की झालं, असं मानणाऱ्याला या छऱ्यांचं उत्तर द्यावं लागेल. ते लोखंडी छऱ्यांत आहे, रेंजच्या जागेच्या निवडीत आहे, ध्यानधारणेत नाही.

नेमबाजीच्या वार्धक्याची सगळ्यात मोठी कथा मात्र महाभारतात आहे. द्रोणांच्या परीक्षेतला पक्ष्याचा डोळा सर्वांना आठवतो. तो भास नावाचा पक्षी कारागिरांकडून करवून घेतलेला, कृत्रिम होता, हे फार थोड्यांना. म्हणजे अर्जुनाची कीर्ती सुरू झाली ती निर्जीव लक्ष्यावर. तिचा शेवट मौसलपर्वात आहे. द्वारकेच्या स्त्रियांना घेऊन निघालेल्या अर्जुनावर आभीर लुटारू चालून येतात. गांडीवाला दोरी चढवताना त्याची दमछाक होते, अस्त्रं आठवत नाहीत, अक्षय म्हणवणारे भाते रिते होतात. स्त्रिया डोळ्यांदेखत पळवल्या जातात. एवढं होऊनही तो धनुष्य टाकत नाही. राज्य सोडून पाचही भाऊ महाप्रस्थानाला निघतात तेव्हाही गांडीव त्याच्या खांद्यावर असतं, आणि व्यास स्पष्ट सांगतात की ते लोभानं. शेवटी अग्नी वाट अडवून मागतो, तेव्हा धनुष्य आणि भाते पाण्यात जातात.

आहार तुटला की विषय दूर होतात, पण त्यांची गोडी मागे राहते, हे गीतेच्या दुसऱ्या अध्यायात सांगितलं गेलं ते याच अर्जुनाला. ऐकणारा इतका मोठा, सांगणारा त्याहून मोठा, आणि तरी गोडी उरली. मग अर्जुनी मोरगावच्या किंवा देवरीच्या एखाद्या आजोबांकडून आपण काय अपेक्षा करावी? खुंटीवरच्या ठासणीच्या बंदुकीवर त्यांची नजर जात असेल, तर ती पापाची खूण समजण्याचं कारण नाही.

कष्टाचा भाग पुढे आहे. हात थकल्यावर सोडणं म्हणजे वैराग्य नव्हे, आणि हात थकूनही धरून ठेवणं म्हणजे नेहमीच लोभ नव्हे. पंचविसातल्या बाविसांवरून पंधरांवर आलेला एखादा नेमबाज दर रविवारी रेंजवर येतो. फळ उघड घटत चाललं आहे, कर्म चालू आहे. निष्काम कर्माची याहून सरळ कसोटी शोधून सापडणार नाही. तो चिडत असेल, यंत्राला आणि काडतुसाला बोल लावत असेल, तर गांडीव अजून खांद्यावरच आहे. शेजारच्या पोरीची तबकडी फुटल्यावर तो तिच्याइतकाच खूश होत असेल, तिचे पाय कुठे चुकतात ते सांगत असेल, तर गोडी वाहू लागली आहे. ती मारायची गरज नाही.

गोंदियात तबकड्यांचा खेळ रुजलेला नाही. तो महागडा, बंदुकीचा परवाना कठीण, आणि इथे त्याची निकडही नाही. पण इथल्या जुन्या शिकाऱ्यांजवळ दुसरं भांडवल आहे. अडई कोणत्या बोडीवर किती वाजता उतरायची, कोणत्या साली नकटा दिसेनासा झाला, सारसाची जोडी घरटं कुठल्या बांधीत करायची, हे त्यांना शिकारीमुळेच ठाऊक आहे. महाराष्ट्रातले मूठभर सारस आज मुख्यतः याच जिल्ह्यात उरले आहेत, शेतकरी आणि निसर्गप्रेमी त्यांच्या घरट्यांवर पहारा देतात, दर उन्हाळ्यात गणना होते. त्या गणनेत या म्हाताऱ्यांना बोलवावं, खाटेवर बसवून त्यांचं सांगणं तलावाचं नाव आणि साल घालून नोंदवून घ्यावं. त्यांनी काय मारलं हेही लिहून घ्यावं, कारण तेव्हा काय होतं याचा तो पुरावा आहे. ऐंशीच्या घरातल्या माणसांकडून हे काम येत्या हिवाळ्यातच करून घ्यायला हवं.