ताबा, मालकी आणि मोत्या

महसूल खात्याच्या नोकरीत आमचे सारे आयुष्य ‘ताबा कोणाचा आणि मालकी कोणाची’ या एकाच प्रश्नाची नाना रूपे पाहण्यात गेले. उताऱ्यावर नाव एकाचे, शेतात नांगर दुसऱ्याचा आणि वहिवाटीचे साक्षीदार घेऊन तिसराच उभा. कागद कानडीत, भांडण मराठीत. दोहोंचा मेळ घालताना आमचे केस पिकले, आणि या विषयात आता आम्हांला कोणी फसवू शकणार नाही अशी एक घमेंडही मनात घर करून राहिली. ती एका कुत्र्याने उतरवली.

२०२१ च्या पावसाळ्यात मच्छे येथील आमच्या घरून मोत्या नाहीसा झाला. गावठी कुत्रा, पिवळसर रंगाचा, लहानपणीच्या भांडणात डावा कान फाटलेला. रात्रपाळी सुटण्याच्या वेळी खानापूर रस्त्यापर्यंत फेरी मारून यायचे ही त्याची सवय. टपरीवाल्याने सांगितले की, एक मनुष्य बिस्किटाचा पुडा दाखवीत त्याला टेम्पोपर्यंत घेऊन गेला. ना दोरी, ना पोते. मोत्या आपल्या पायांनी चालत गेला.

आम्ही तक्रार द्यायला गेलो. हवालदाराने जात विचारली. आम्ही म्हटले, ‘‘गावठी.’’ त्याने लेखणी थांबवली. ‘‘साहेब, मग किंमत काय लिहू?’’ प्रश्नात कुचेष्टा नव्हती. रकानाच तसा होता. आम्ही पाचशे रुपये सांगून मोकळे झालो. घरी येताना मात्र मनाला लागून राहिले की, चोराने फुकट नेलेल्या मोत्याची पहिली किंमत आम्हीच केली.

गंमत अशी की, बिस्किटवाल्या चोराची तजवीज कायद्याने फार पूर्वी करून ठेवली आहे. १८६० च्या भारतीय दंड संहितेत चोरीची व्याख्या करणाऱ्या ३७८ व्या कलमाखाली एक उदाहरण आहे. खिशात आमिष ठेवून दुसऱ्याच्या कुत्र्याला अप्रामाणिक हेतूने मागे यायला लावले, तर कुत्रा मागे निघाला त्या क्षणीच चोरी पूर्ण झाली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ३०३ व्या कलमाखाली तेच उदाहरण कायम आहे. कुत्र्याला स्वतःची इच्छा आहे, त्याला भुलवावे लागते, हे या उदाहरणात पूर्णपणे गृहीत धरले आहे. पण पुढच्याच पावलाला कायदा ती इच्छा बाजूस सारतो, आणि कुत्रा पुन्हा तांब्याभांड्यांच्या यादीत जाऊन बसतो. नव्या संहितेत तर, चोरलेल्या वस्तूची किंमत पाच हजारांच्या आत असेल, गुन्हा पहिलाच असेल आणि वस्तू वा तिची किंमत परत केली असेल, तर शिक्षा समाजसेवेची. म्हणजे जातिवंत कुत्रा चोरणे हा मोठा गुन्हा आणि आमचा मोत्या चोरणे हा किरकोळ. तरी एक गोष्ट मान्य केली पाहिजे. प्राण्याला मारण्याच्या गुन्ह्याला जुन्या संहितेत दहा आणि पन्नास रुपयांची मोजपट्टी होती, ती नव्या संहितेने काढून टाकली.

इंग्लंडने २०२४ साली कुत्र्या-मांजरांच्या चोरीसाठी निराळाच कायदा केला. त्यात चोरी हा शब्द सोडून अपहरण हा शब्द घेतला आणि पाच वर्षांपर्यंत कैद ठेवली. शब्द बदलला म्हणजे विचार बदलतोच असे नाही. पण वस्तू चोरीला जाते आणि अपहरण जिवाचे होते, एवढे तरी त्यात कबूल झाले.

आपल्याकडे अशा प्रसंगी काय घडते? पुण्यात २०१९ च्या ऑक्टोबरात डॉट्टू नावाचा बीगल कुत्रा नाहीसा झाला. घरोघरी जेवण पोचवणाऱ्या एका माणसाने तो नेल्याचे निष्पन्न झाले, आणि विचारल्यावर त्याने सांगितले की, कुत्रा गावी पाठवून दिला आहे. त्याहून आम्हांला विचारात पाडले ते मध्य प्रदेशातील होशंगाबादच्या, म्हणजे आजच्या नर्मदापुरमच्या, प्रकरणाने. २०२० साली तेथे एका लॅब्राडोर कुत्र्यावर दोघांनी हक्क सांगितला. एक त्याला कोको म्हणे, दुसरा टायगर. आणि कुत्रा दोघांशीही सलगीने वागे. पोलिसांनी अखेर डीएनए तपासणी करवली. पचमढीच्या ज्या कुत्र्याचे पिल्लू म्हणून पहिल्याने तो घेतला होता, त्याच्याशी नमुना जुळला आणि २०२१ साली कुत्रा पहिल्याकडे गेला. निकाल बरोबरच होता. पण रक्ताने एवढेच सांगितले की, हा कोणाचा मुलगा. हा कोणाचा सोबती, हे रक्तात उतरत नाही. मानेच्या कातडीखाली बसवतात ती तांदळाच्या दाण्याएवढी चकतीही क्रमांकापलीकडे काही बोलत नाही.

मोत्या सापडला तो सव्वा वर्षाने, खानापूर तालुक्यातील एका गावी. आमचे एक आप्त लग्नाला गेले असता त्यांनी फाटका कान ओळखला. तक्रारीची प्रत खिशात घालून आम्ही गेलो. घरधन्याने आठवडी बाजारात आठशे रुपयांना तो घेतला होता. चोरीचा माल आहे हे त्या बिचाऱ्याला कसे कळावे? त्याचा दहा वर्षांचा मुलगा रानाच्या कडेने शाळेत जाई आणि कुत्रा त्याला पोचवायला जाई. तेथे त्याचे नाव राजा होते. आम्ही ‘‘मोत्या’’ म्हणताच तो धावत आला, अंगावर उड्या मारल्या, पायांवर तोंड घासले. नंतर परत जाऊन मुलाच्या शेजारी बसला.

कायदा आम्हांला पाठ होता. चोराला जी मालकी नाही ती तो विकू शकत नाही. म्हणून घेणारा कितीही सज्जन असला तरी त्याला ती मिळत नाही. जमिनीत बारा वर्षांच्या उघड ताब्याने हक्क उभा राहू शकतो, पण बारा वर्षे म्हणजे कुत्र्याचे अख्खे आयुष्य. शिवाय कुत्र्याची माया जडेल तिकडे मालकी जाते असे मानले, तर चोराने फक्त थोडे थांबायचे. ज्याची चोरी झाली तो जीव जितका क्षमाशील, तितकी चोरी फायद्याची! हा युक्तिवाद आम्हांला आजही बिनतोड वाटतो, आणि त्याच्याच आधारावर आम्ही साखळी हातात घेतली.

पण सव्वा वर्ष आम्ही शोध कशासाठी घेत होतो? मनात दोन कारणे होती, आणि ती वेगळी आहेत हे आमच्या ध्यानातच आले नव्हते. तो आमचा होता, हे एक. तो कोठेतरी उपाशी, मार खात असेल, हे दुसरे. रात्री झोप उडवायचे ते दुसरे. त्या अंगणात उभे राहिलो तेव्हा दुसरे कारण संपलेले होते. कुत्रा आमच्याकडे होता त्याहून भरलेला दिसत होता. उरले होते ते फक्त पहिले, उताऱ्यावरच्या नावासारखे. ज्या मायेच्या नावाने आम्ही तेथवर गेलो, तिचे काम तेथे झालेले होते, आणि पुढचे सारे हक्काने केले.

आम्ही आठशे रुपये पुढे केले. तो गृहस्थ मागे सरला. ‘‘नको साहेब. पैसं घेतलं तर मी त्याला विकल्यागत हुईल.’’ पाचशे किंमत सांगून आलेल्या आम्हांला यावर बोलता आले नाही. मुलगा रडला नाही. ‘‘आजोबा, त्याला ताक आवडतंय,’’ एवढेच म्हणाला. आम्हांला ते ठाऊक नव्हते.

घरी आल्यावर मोत्या दोन दिवस जेवला नाही. तिसऱ्या दिवसापासून पूर्ववत झाला. फक्त सकाळी नऊच्या सुमारास फाटकाशी जाऊन बसू लागला. सौ.ने विचारले, ‘‘अहो, हा कोणाची वाट बघतोय?’’ आम्ही वर्तमानपत्र वाचीत होतो, ते वाचीत राहिलो.

पुढे कधीतरी तो गृहस्थ बेळगावास कामासाठी आला असता वाट वाकडी करून आमच्याकडे आला. मुलाने बैलाच्या जुन्या घुंगरमाळेतील एक घुंगरू काढून पट्ट्यात ओवून दिले होते. ‘‘पोरगं म्हणालं, रानात कुठं गेला तर कळतंय.’’ आम्ही मुलाला सुट्टीत पाठवा म्हटले. तो हो म्हणाला. मुलगा अजून आलेला नाही, आणि आम्ही मोत्याला घेऊन तिकडे गेलेलो नाही. तसे जायला अडचण कसलीच नाही. पट्टा त्याच्या गळ्यात आहे. आता तो थकला आहे, कानाने कमी ऐकतो. पण सकाळी नऊला घुंगरू फाटकाकडे जाताना अजून ऐकू येते.