संस्थेच्या वहीसाठी एक खिडकी

पारशिवनी तालुक्यातल्या नवेगाव खैरी धरणापासून निघणाऱ्या पेंचच्या कालव्यांवर पाणीवापर संस्था आहेत. 2005 च्या सिंचन व्यवस्थापन कायद्याने अशा संस्थांना पाणी मोजून द्यायचे ठरवले. पुढे सभासदांत ते पाळीने वाटणे आणि पाणीपट्टी वसूल करणे ही जबाबदारी त्यांचीच. हिशेब लहान असतो: सभासद, क्षेत्र, पीक, पाळी, आकारणी, बाकी. एवढ्या कामाला रुबी या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलेली, कार्यालयातल्या संगणकाच्या पडद्यावर उघडणारी आणि इंटरनेटशिवाय चालणारी एक साधी खिडकी पुरते, आणि कुठूनतरी वरून आलेल्या अवजड प्रणालीपेक्षा ती जास्त भरवशाची ठरते, असे मला वाटते. माझा भरवसा आहे तो तिच्यामागच्या कोडच्या वाचनीयतेवर. रुबीत चलांची नावे देवनागरीत देता येतात. ‘पाणीपट्टी = क्षेत्र * दर’ ही ओळ जशीच्या तशी चालते, त्यामुळे आकारणी कशी झाली हे सचिवाला स्वतः तपासता येते.

यावर पहिला आक्षेप एक्सेलचा. तक्ता सोपा खरा, पण त्यात कोणत्याही चौकटीत काहीही लिहिता येते आणि चुकून पुसलेले सूत्र वसुलीच्या दिवसापर्यंत कळत नाही. खिडकीत चार रकाने आणि एक बटण. बाकी कशाला हात लावता येत नाही. अर्थात खिडकीलाही खाचखळगे आहेत. मजकुरातून संख्या काढणारी रुबीची to_i ही आज्ञा ‘५’ हा देवनागरी अंक शून्य समजते. तो आधी बदलून घ्यावा लागतो. खिडक्या बनवणाऱ्या टीके या जुन्या साधनात लिनक्सवर जोडाक्षरे विस्कटतात, आणि सभासदाचे नाव मोडके दिसले की हिशेबावरचा विश्वासही डळमळतो. म्हणून संगणकाच्या यंत्रणेची स्वतःची अक्षरजुळणी वापरणारे ग्लिमर-लिबयूआय हे साधन मला अधिक योग्य वाटते.

दुसरा आक्षेप जड आहे: हे सांभाळणार कोण? ‘व्हाय द लकी स्टिफ’ या टोपणनावाच्या माणसाने 2007 मध्ये रुबीसाठी शूज हे असेच साधन काढले. नवशिक्याने काही ओळींत खिडकी उभारावी असा त्याचा हेतू. ऑगस्ट 2009 मध्ये तो इंटरनेटवरून एकाएकी नाहीसा झाला आणि शूज इतरांनी चालवले. टीके रुबीला जोडणारा भागही रुबी 2.4 पासून भाषेच्या मूळ संचातून बाहेर पडला. साधने मरतात, हे मान्यच. पण नोंदी सीएसव्ही या साध्या मजकुराच्या फाइलमध्ये ठेवल्या असतील, तर साधन गेल्यावर जातात त्या खिडकीच्या कोडच्या चाळीस-पन्नास ओळी, आणि त्या नव्याने लिहिता येतात. मोठ्या प्रणालीचे दुकान बंद झाले तर नोंदीच तिच्या पोटात अडकण्याची भीती असते. कोणाच्याही विंडोज संगणकावर रुबी बसवून देण्याची कटकट मात्र खरी आहे. त्यासाठी तालुक्याच्या गावी एक जाणता तरुण लागतो. ही अट मला जड वाटत नाही, कारण पंप दुरुस्त करणाराही गावाला लागतोच.