संतोष आणि उष्टे

‘आहे त्यात समाधान माना’ हा उपदेश आपल्या समाजाला शतकानुशतके करण्यात आला. करणाऱ्यांची पोटे भरलेली होती. म्हणून संतोष हा शब्द ऐकताच आपला तरुण चिडतो, आणि ते रास्तच आहे.

मग भगवान बुद्धांनी संतोषाचा गौरव का केला? ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी याचा उलगडा केला आहे. संतोष म्हणजे परिस्थितीपुढे शरणागती नव्हे. बुद्धांनी दारिद्र्याला धन्य म्हटले नाही. अमर्याद लोभाच्या आहारी जाऊ नये, एवढाच त्याचा अर्थ.

१९७२ च्या दुष्काळात जालना भागातील माणसांनी खडी फोडली, परदेशी मिलोच्या भाकरी खाल्ल्या. तो संतोष नव्हता, ती उपासमार होती. पण त्यांचीच नातवंडे आज लग्नाच्या पंगतीत अर्धे ताट टाकून उठत असतील, तर तीही श्रीमंती नव्हे.

१९२७ साली महाडला बाबासाहेबांनी उष्टे तुकडे न खाण्याचा निर्धार करायला सांगितले. आपण तो पाळला. परंतु उष्टे टाकणारा आहे तोवर ते उचलणारा कोणीतरी राहणारच. आपल्या मांडवामागे असा माणूस उभा राहिला, तर गावाने आपल्याला दिलेली जागाच आपण त्याला दिली असे होईल.

म्हणून बंधुभगिनींनो, भोजनाची मात्रा जाणा. मोजके शिजवा, मागेल तेवढेच वाढा. उरलेच तर उष्टे होण्याआधी सन्मानाने द्या. वाचलेला पैसा मुलींच्या वह्यापुस्तकांना लावा. पोटभर जेवून ताट स्वच्छ ठेवणे, हाच आपला संतोष.