एक जलधी डॉलर

माझे एक स्नेही नाणी आणि नोटा जमवतात. परवा सकाळी त्यांच्याकडे चहाला गेलो, तेव्हा त्यांनी प्लॅस्टिकच्या पाकिटातली एक निळसर नोट हातात ठेवली. झिंबाब्वेची. एकावर किती शून्यं आहेत ते मोजू लागलो आणि मध्येच चुकलो. मग बोट ठेवून पुन्हा सुरुवात केली. एकं, दहं, शतं... चौदा शून्यं भरली.

शंभर ट्रिलियन डॉलरची ती नोट. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त एकापासून परार्धापर्यंत अठरा स्थानांची नावं दिली आहेत. त्यात चौदा शून्यांच्या स्थानाला जलधी म्हटलं आहे. जलधी म्हणजे समुद्र.

जानेवारी २००९ मध्ये ही नोट निघाली, तेव्हा या समुद्राचे अमेरिकेचे तीसेक डॉलर येत होते. तीन आठवडेही उलटले नसतील, तोच सरकारने चलनातली बारा शून्यं पुसली. त्याआधी २००६ मध्ये तीन पुसली होती, २००८ मध्ये दहा. अडीच वर्षांत पंचवीस शून्यं गेली. शेती कोसळली होती, तिजोरी रिकामी होती आणि सरकार आपला खर्च नोटा छापून भागवत होतं.

मी विचार करतो तो नोट हातात पडलेल्या माणसाचा. मोठी नोट आली की खरं तर हायसं वाटायला हवं. पुडकं हलकं होतं, मोजदाद कमी होते. पण तिथल्या लोकांना नवी नोट दिसली की धास्ती वाटे. नोट नवी असली तरी तिच्यातली बातमी त्यांना जुनी होती. भाव कुठे पोचले आहेत ते दुकानात त्यांना आधीच कळलेलं असे. नोट ही सरकारने मागाहून दिलेली कबुली. जुलै २००८ मध्ये शंभर अब्जांची नोट आली, तेव्हा तिच्यात चार संत्री येत होती.

माणसं बँकेच्या दाराशी रात्रभर रांगेत थांबत. सकाळी ठरलेल्या मर्यादेपुरते पैसे मिळत आणि कधी कधी तेवढ्यात घरी परतायचं बसभाडंही निघत नसे. पगार जाण्यायेण्यालाही पुरेना, म्हणून शिक्षक शाळेत जायचे थांबले. हे वाचताना मी अडखळतो. शून्यांचा आकडा डोक्यात मावत नाही. पण फळ्यासमोरची रिकामी जागा लगेच दिसते.

मोठी नोट घेऊन सुट्ट्यांसाठी दारोदार फिरणं आपणही नोव्हेंबर २०१६ च्या नोटाबंदीत अनुभवलं. त्रास खरा होता. पण ती गोष्ट वेगळी. आपल्या गुलाबी नोटेची किंमत शाबूत होती, फक्त ती मोडून देणारा भेटत नव्हता. तिथे सकाळची किंमत संध्याकाळी उरत नव्हती.

नोटेवर एक चित्र आहे. एकमेकींवर तोललेल्या शिळा. हरारेजवळ एपवर्थला त्या खरोखरच आहेत. ना चुना, ना सिमेंट. एक दगड दुसऱ्यावर आपल्याच वजनाने टेकलेला, आणि असाच कित्येक पिढ्यांनी पाहिलेला. त्या देशाच्या नोटांवर हे चित्र पुन्हापुन्हा येतं. शिळांच्या जवळच बारीक अक्षरांत वचन छापलं आहे: धारकाने मागताच एवढी रक्कम दिली जाईल. खाली गव्हर्नरांची सही. आपल्या नोटेवरही असंच वचन असतं. मी ते आयुष्यात दोन-तीनदाच नीट वाचलं असेल. वाचायची वेळ आली नाही, हे केवढं भाग्य.

ते वचन पुढे कसं फेडलं गेलं, याचीही नोंद आहे. २०१५ मध्ये जुन्या नोटा परत घेतल्या, तेव्हा अडीचशे ट्रिलियनला एक अमेरिकी डॉलर असा दर लावला. म्हणजे या नोटेचे चाळीस सेंट. माझ्या स्नेह्यांनी संग्रहासाठी तिला त्याच्या कितीतरी पट मोजले आहेत.

पुढे २०२१ च्या जुलैत झिंबाब्वेच्या नव्या चलनात पुन्हा मोठी नोट आली. फक्त पन्नास डॉलरची. तिच्यावर म्बुया न्येहांडा यांचं चित्र. म्बुया म्हणजे आजी. गोऱ्या सत्तेविरुद्धच्या उठावासाठी १८९८ मध्ये त्यांना फाशी दिली गेली. लोकांच्या मनात त्यांचं स्थान फार वरचं आहे. तरीही नोट पाहून लोकांच्या पोटात गोळा आला, कारण तिच्यात एक पावही येत नव्हता. पन्नासाला शून्य एकच. पण ज्यांनी चौदा मोजली आहेत, त्यांना ते पुढच्या तेरांची चाहूल वाटलं असेल, तर त्यांचं काय चुकलं? अर्थशास्त्र सांगतं, मोठ्या आकड्याच्या नोटेमुळे भाव वाढत नाहीत, भाव वाढले म्हणून तशी नोट येते. ते बरोबरही असेल. पण ज्या घराची आयुष्यभराची शिल्लक एकदा बुडाली आहे, त्या घराला हे कोणत्या तोंडाने सांगायचं?

नोट परत पाकिटात घातली आणि घरी आलो. तेव्हापासून ती मनातून गेलेली नाही.

आज सकाळी दूधवाल्याकडे सुट्टे नव्हते. आठ रुपये राहिले. “उद्या देतो, काका,” म्हणाला आणि सायकलला टांग मारून गेलाही. मी बरं म्हटलं, पिशवी घेऊन आत आलो. कुठे लिहून ठेवलं नाही. आठ रुपये उद्याही आठच रुपये असतील, हे त्याला आणि मला दोघांनाही ठाऊक होतं.