साचा, पुतळा आणि आपण

पुतळा आतून पोकळ असतो. दोस्तहो, इथूनच सुरुवात करू.

लोखंडी सळ्यांच्या सांगाड्यावर माती चढवून शिल्पकार माणूस घडवतो. त्यावर प्लास्टर ओतून साचा काढतो. साच्यातून मेणाची पातळ, पोकळ प्रतिमा निघते. तिच्या आत गाभा, बाहेरून विटेची भुकटी आणि प्लास्टरचं कवच. मग भट्टी. मेण वाहून जातं. त्या रिकाम्या जागेत तांबं-कथिलाचा सुमारे ११०० अंशांचा रस ओततात. कवच फोडलं, गाभा खरवडला की उरते बोटभरही जाड नसलेली धातूची कातडी. ब्रह्मेश वाघांनी संसदेसाठी घडवलेला, २ एप्रिल १९६७ ला अनावरण झालेला बाबासाहेबांचा बारा फुटी पुतळा ब्राँझचाच. गरीब वस्तीला बहुधा प्लास्टर परवडतं.

मग या कातडीसाठी माणसानं मरावं का?

११ जुलै १९९७. घाटकोपरच्या रमाबाई नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातलेला सापडला. माणसं रस्त्यावर आली. राज्य राखीव पोलिसांनी गोळ्या झाडल्या. दहा जण मेले. चार दिवसांनी मुलुंडला शाहीर विलास घोगरेंनी स्वतःला संपवलं. गोळीबाराच्या अधिकाऱ्याला सत्र न्यायालयानं जन्मठेप सुनावायला २००९ उजाडलं. तोही पुढं जामिनावर सुटला.

शहाणे विचारतात, पुतळ्यापायी कशाला मेलात? प्रश्नच खोटा आहे. ती माणसं पुतळ्यानं मारली नाहीत, बंदुकीनं मारली. आणि चपलांचा हार प्लास्टरला नव्हताच. प्लास्टरला अपमान कळत नाही. तो हार मान वर करून चालणाऱ्या अख्ख्या वस्तीच्या गळ्यात होता. पुतळा फुटला तर साच्यातून दुसरा काढता येतो. त्या दहांचा साचा कुठल्याच कारखान्यात नाही.

पण तेवढंच बोलून मी थांबणार नाही. १९४३ साली पुण्यात रानड्यांवर बोलताना बाबासाहेबांनी विभूतिपूजेवर कोरडे ओढले. १९४९ ला घटना समितीत सांगितलं, राजकारणातली भक्ती हुकूमशाहीकडे नेते. आणि आपण? नारळ फोडतो, उदबत्ती लावतो. शेंदूर तेवढा बाकी आहे! अपमानाविरुद्ध उठणं वेगळं, पूजा करणं वेगळं. पहिल्यात माणूस उभा राहतो, दुसऱ्यात वाकतो.

साचेही दोन जातीचे असतात. एक फोडावाच लागतो. एक प्रतिमा निघते, साचा संपतो. दुसरा तुकड्यांचा. सोडायचा, पुन्हा बांधायचा, तीच आकृती हवी तितक्यांदा काढायची. जात हा दुसरा साचा आहे. पिढी बदलते, साचा पुन्हा बांधला जातो. कोऱ्या कपड्यातला पदवीधर त्यातूनच निघतो, झाडूवालाही त्यातूनच. पुतळ्यापुढं हात जोडून हा साचा ढिलाही होत नाही.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. पुतळा राखा, जरूर राखा. पण हारासाठी वर्गणी काढता तशीच वकिलासाठी काढा, वाचनालयासाठी काढा. पोकळी भरायचं काम शिल्पकाराचं नाही, आपलं आहे.

जय भीम.